एनएचएसचा एसटीपी (जीनोमिक्स): पगार घेऊन शिकायला मिळतं, पण नक्की कशाचं ट्रेनिंग आहे ते आधी समजून घ्या

पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, हे लॅबमध्ये हात चालवायचं ट्रेनिंग आहे असं समजून कुणी अर्ज भरत असाल तर जरा थांबा. यातला बराचसा वेळ खुर्चीत बसून, दोन मोठ्या स्क्रीनसमोर, वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. पिपेट शेवटचं कधी हातात धरलं होतं ते मला आता आठवून सांगावं लागेल.

लिहायला बसले कारण भारतातून बायोटेक, झूलॉजी, मायक्रो वगैरे करून इकडे आलेली आपली बरीच मंडळी आहेत, त्यातही जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या मुली खूप, आणि त्या विचारतात, "ताई, तू जेनेटिक्समध्ये ट्रेनी आहेस म्हणजे नक्की करतेस काय गं? दिवसभर पीसीआर लावतेस का?" घरून आईचं वेगळंच, तिला वाटतं मी डॉक्टर होतेय आणि शेजारपाजारी तसं सांगूनही झालंय. तर एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक टाकता येईल. व्हिसाचं मला विचारू नका, मी नवऱ्याच्या डिपेंडंटवर होते त्यामुळे स्पॉन्सरशिपची भानगड माझ्या वाट्याला आलीच नाही.

आधी कोरडी माहिती पटकन. एसटीपी म्हणजे सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम, इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, २०११ पासून आहे. तीन वर्षं, फुलटाइम नोकरी, बँड ६ चा (एनएचएसच्या ठरलेल्या श्रेणींपैकी एक) पगार, आणि त्याच्यासोबत पार्टटाइम एमएस्सी जिची फी आपल्या खिशातून जात नाही. सगळा कारभार नॅशनल स्कूल ऑफ हेल्थकेअर सायन्सकडे. शेवटी पास झालात की अकॅडमी फॉर हेल्थकेअर सायन्सचं सर्टिफिकेट मिळतं आणि ते घेऊन एचसीपीसी या नियामक संस्थेकडे रजिस्ट्रेशन करायचं. 'क्लिनिकल सायंटिस्ट' हे नाव इथे कायद्यानं राखीव आहे, रजिस्टरमध्ये नसताना कुणी लावलं तर तो गुन्हा होतो. जीनोमिक्स ही त्यातली एक शाखा, कॅन्सर जीनोमिक्स वेगळी, बायोइन्फॉर्मॅटिक्स वेगळी, जीनोमिक काउन्सेलिंग वेगळं, आणि अर्ज करतानाच कुठली ते ठरवावं लागतं. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, तिकडचं मला विचारू नका.

आता मूळ मुद्दा. इंग्लंडमध्ये २०१८ पासून जीनोमिक मेडिसिन सर्व्हिस आहे, देशभरात सात लॅबोरेटरी हब, आणि कुठल्या पेशंटला सरकारी खर्चानं कुठली टेस्ट मिळणार याची एकच राष्ट्रीय यादी, टेस्ट डिरेक्टरी म्हणतात तिला. यादीत प्रत्येक आजाराला आर नंबर. पहिले काही आठवडे ऑफिसात लोक काय बोलतायत तेच कळत नाही, "आर२०८ ची किती राहिलीत", "ते आर१३४ कुणाकडे आहे", असं सगळं नंबरातच. आर२०८ म्हणजे घराण्यातून आलेला स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर, आर१३४ म्हणजे घराण्यातलं कोलेस्टेरॉल, आर१४ म्हणजे आयसीयूत गंभीर असलेलं बाळ, आणि ते आर१४ चं काम सगळ्या देशाचं एक्सेटरला जातं, तिथे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, घाईनं वाचतात. साध्या पॅनेलला, म्हणजे ठरावीक जीन्सच्या टेस्टला, ४२ दिवसांची मुदत, जीनोमला ८४, आणि या मुदती भिंतीवरच्या बोर्डावर लाल-हिरव्या रंगात कायम डोळ्यासमोर.

सीक्वेन्सर मशीन आपलं काम करतं, सॅम्पल लावायला रोबॉट आहेत आणि त्यांच्यासोबत टेक्नॉलॉजिस्ट आहेत जे आपल्यापेक्षा शंभरपट चांगलं करतात. ट्रेनी सायंटिस्टनं शिकायचं ते त्याच्यानंतरचं. समोर डीएनएमधला एक फरक आलाय, तो आजाराचं कारण आहे का नाही, हे पुराव्यानिशी ठरवायचं आणि डॉक्टरला समजेल अशा चार वाक्यांत लिहायचं. बस. तीन वर्षं हेच शिकायचं, आणि मी सांगते, तीन वर्षं कमी पडतात.

एक केस जवळून दाखवते, कुठल्या खऱ्या पेशंटची नाही, पण या साच्यातल्या केसेस नेहमी येतात. चार वर्षांचं मूल, चालायला उशीर, बोलणं जवळपास नाही, मधूनमधून फिट्स. आई, बाबा आणि मूल तिघांचाही जीनोम केलाय. प्रत्येक माणसात संदर्भ जीनोमपेक्षा ४०-५० लाख ठिकाणी फरक असतो, त्यातले सॉफ्टवेअरची पाइपलाइन गाळत गाळत आणते, पॅनेलॲप नावाच्या आजारवार यादीत त्या आजारासाठी हिरवी, म्हणजे पुरावा पक्का, असलेली जीन्स धरते, आणि माझ्या स्क्रीनवर मोजके उरतात. त्यातला एक आई-बाबांत नाही, फक्त मुलात आहे. आता पहिलं काम म्हणजे आनंद न होणं. आधी कच्चे रीड्स, म्हणजे मशीननं वाचलेले डीएनएचे तुकडे, उघडून बघायचे, खरंच आहे का मशीनचा घोळ आहे, एकाच अक्षराची लांब रांग असलेल्या जागी मशीन हमखास चुकतं. मग आई-बाबांचे रीड्स बघायचे, तिथे खरंच नाहीये का तिथे नीट वाचलंच गेलं नाही? या दोनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग हा फरक निरोगी लोकांच्या डेटाबेसमध्ये कुठे दिसतो का, प्रेडिक्शन टूल काय म्हणतं, आधी कुणी असा पेशंट छापलाय का, क्लिनव्हारमध्ये, म्हणजे अशा फरकांच्या खुल्या नोंदवहीत, कुणी काय नोंदवलंय आणि ते किती जुनं आहे, डेसिफर या पेशंटांच्या डेटाबेसमध्ये कुणी सारखं मूल आहे का.

प्रत्येक पुराव्याला एक कोड असतो. ही सगळी पद्धत मेडिकल जेनेटिक्सच्या अमेरिकन कॉलेजच्या २०१५ च्या गाइडलाइनवरून आलीये आणि इथे तिला ब्रिटिश असोसिएशनचे, म्हणजे एसीजीएसचे, नियम वरून लावतात. डेटाबेसमध्ये नाही याला पीएम२, पण आता तो फक्त 'सपोर्टिंग' वजनाचा धरायचा, नावातला एम 'मॉडरेट'चा असला तरी. आई-बाबांत नाही, नव्यानं आलाय, याला पीएस२, पण त्याचं वजन मुलाची लक्षणं त्या जीनशी किती नेमकी जुळतात यावर ठरतं. नुसता विकास उशिरा होणं हे शेकडो जीन्समुळे होतं, त्यामुळे तिथे पूर्ण वजन देता येत नाही, इथे सगळे नवे ट्रेनी जोरात येतात आणि सिनियर शांतपणे विचारतो, "हेच लक्षण दुसऱ्या किती जीन्समध्ये दिसतं?" मग सगळी बेरीज करून पाच वर्गांपैकी एक, बिनाइनपासून (निरुपद्रवी) पॅथोजेनिकपर्यंत (आजार करणारा). आणि मधला तिसरा वर्ग, व्हीयूएस, म्हणजे अर्थ अजून ठरवता येत नाही. आमचं अर्ध आयुष्य याच वर्गात जातं.

इथल्या पद्धतीत व्हीयूएसचंसुद्धा तापमान असतं, खरंच, हॉट, वॉर्म, टेपिड, कूल, कोल्ड आणि आइस कोल्ड. हॉट म्हणजे अजून एक पुरावा मिळाला की वर जाईल, मग तो रिपोर्टमध्ये घ्यायचा आणि डॉक्टरला सांगायचं की आत्याचं सॅम्पल पाठवा किंवा अमुक एक टेस्ट करा. थंडातला रिपोर्टमध्ये घ्यायचाच नाही, कारण अर्थ नसलेला फरक कागदावर गेला की पेशंट गुगल करतो आणि आयुष्यभर त्याची काळजी करत बसतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे पटलंच नाही, सापडलंय तर सांगा ना बाबा, लपवता कशाला. आता एमडीटीत, म्हणजे डॉक्टर, काउन्सेलर आणि आम्ही सगळे बसतो त्या मीटिंगमध्ये, मीच हट्टानं सांगते की हा थंड आहे, वगळा.

या भागासाठी मी पाचपैकी सहा दिले असते. कारण इथे कुणी हुशारी दाखवली म्हणून मान मिळत नाही, पुरावा दाखवला की मिळतो. माझं विश्लेषण दुसरा सायंटिस्ट स्वतंत्रपणे करतो, दोघांचं जुळलं नाही तर बसून वाद, आणि त्या वादात मी ट्रेनी आहे म्हणून माझं खालचं असं कुणी धरत नाही. आपल्याकडे कॉलेजात सरांनी सांगितलं की वहीत उतरवायचं या सवयीतून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, पण एकदा पचलं की मजा येते. एका रिपोर्टवर कुणीतरी बाई दोन्ही स्तन काढून टाकायचं ठरवणार असते, तिथे 'मला वाटलं' चालत नाही.

आता आपल्या लोकांना जास्त लागू होणारं. डेटाबेस म्हणजे नोमॅड, सगळं जग तोच वापरतं. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या चौथ्या आवृत्तीत आठ लाखांहून जास्त माणसांचा डेटा आहे, आणि त्यात दक्षिण आशियाई किती, तर साधारण ४५ हजार. जगाची चौथाई लोकसंख्या आणि डेटाबेसमध्ये सहा टक्केसुद्धा नाही. म्हणजे आपल्या पेशंटमधला फरक 'कुठेच सापडत नाही' असं दिसलं तर तो खरंच दुर्मीळ आहे की आपली माणसं मोजलीच नाहीत, हा प्रश्न दरवेळी पडायला हवा. जिथे पेशंटांत आशियाई भरपूर असतात तिथल्या सिनियर लोकांच्या हे हाडीमांसी भिनलेलं असतं, बाकी ठिकाणी कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

याचं शिकवण्यासारखं उदाहरण म्हणजे हृदयाच्या पॅनेलमधलं एमवायबीपीसी३ जीन. त्यात २५ अक्षरांचं एक डिलीशन, म्हणजे गळालेला तुकडा, आहे जे भारतीय उपखंडातल्या साधारण चार टक्के लोकांत असतं, २००९ साली नेचर जेनेटिक्समध्ये त्यावर पेपर आला आणि ते हृदय निकामी होण्याशी जोडलं गेलं. नंतरच्या कामात दिसलं की प्रकरण इतकं सरळ नाही, त्याच्यासोबत दुसरं काय आहे यावरही बरंच अवलंबून आहे. युरोपियन नजरेनं बघणाऱ्याला ते डिलीशन दिसलं की डोळे चमकतात, आणि आपण मनात म्हणतो, अरे, माझ्या वर्गात साठ मुली होत्या, त्यातल्या दोघी-तिघींत हे असणार. अशा वेळी नुसतं आपलं असण्याचा फायदा होतो. अर्थात फायदा कोडमध्ये मांडता आला तरच, 'आमच्याकडे असतं हे' एवढं म्हणून कुणी ऐकणार नाही.

दुसरं, नात्यातली लग्नं. एसएनपी ॲरे, म्हणजे जीनोमभर ठिकठिकाणची अक्षरं तपासणारी टेस्ट, केली की आई आणि बाबा दोघांकडून सारखेच आलेले सलग पट्टे दिसतात, सख्ख्या चुलत-मामे भावंडांचं मूल असेल तर ते सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास. इथे या विषयावर बोलायचं म्हटलं की सगळे फार जपून, हळू आवाजात बोलतात. मी आपली सरळ सांगितलं की आमच्याकडे मामाची मुलगी करणं ही कित्येक घरांत रीतच आहे, त्यात लाजण्यासारखं काय आहे, फॉर्मवर सरळ प्रश्न विचारा आणि पुढे चला. क्लिनिकच्या रोटेशनला काउन्सेलरसोबत बसायला मिळतं, तिथे एका कुटुंबातल्या आजीबाई हिंदीत पुटपुटल्या की दोष कुणाच्या घराण्यातून आला ते तेवढं सांगा. मला शब्द न् शब्द कळला, पण भाषांतर मी करायचं नाही असा नियम आहे, फोनवरचा दुभाष्या असतो त्यानंच करायचं, मी गप्प. दुभाष्यानं ते फार गोडीत सांगितलं, 'सासर की माहेर ते त्यांना जाणून घ्यायचंय' असं काहीतरी, त्यातला डंख गेला तो गेलाच. नियम बरोबर आहे, मला पटतो, तरी त्या वेळी जीभ चावून बसावं लागलं.

सायटोजेनेटिक्सचं रोटेशन वेगळंच, तिथे अजून मायक्रोस्कोप आहेत आणि जुनी जाणती माणसं आहेत ज्यांना क्रोमोसोमचे पट्टे बघून नंबर सांगता येतो, जसा आपल्या गल्लीतला वाणी पायरव ऐकून कोण आलं ते ओळखतो तसा. हे कौशल्य आता हळूहळू कमी होतंय, ॲरे आणि सीक्वेन्सिंगनं बरंचसं काम घेतलंय. तिथे मला सगळ्यात आवडली ती रक्ताच्या कॅन्सरची घाई. पीएमएल-रारा म्हणून दोन जीन्सची एक जोड असते, ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची, त्या पेशंटला वेळेत औषध सुरू झालं तर फार चांगले दिवस येतात आणि नाही झालं तर रक्तस्रावानं जाऊ शकतो. सॅम्पल आलं की बाकी सगळं बाजूला, फिश, म्हणजे क्रोमोसोमवर चमकणारे ठिपके लावून बघायची टेस्ट, लावायची, आणि ही सॅम्पल्स बहुतेक शुक्रवारी दुपारीच का येतात हे देवालाच माहीत. अंधाऱ्या खोलीत सिनियर बाई मायक्रोस्कोपला डोळा लावून लाल-हिरवे ठिपके मोजतायत, मोजणी पूर्ण व्हायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं, पण त्या तोंडातून शब्द काढत नाहीत, दुसऱ्यानं मोजून होईपर्यंत. मग फोन. फोनवर दुसऱ्या बाजूनं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल नंबर सगळं परत वदवून घ्यायचं, मगच निकाल. मला तो फोन करू दिला नाही, ट्रेनीला देत नाहीत, बाजूला उभं राहून ऐकायला दिलं.

प्रीनेटलमध्ये, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासणीत, क्यूएफ-पीसीआर असतं, १३, १८ आणि २१ नंबरचे क्रोमोसोम जास्तीचे आहेत का ते बघायला, तीन दिवसांत निकाल द्यायचा असतो. बाळाचं लिंग आमच्या रिपोर्टवर येत नाही, वैद्यकीय कारण असेल तरच. आपल्याकडच्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याची पोस्टर्स प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवर बघत मोठी झालेली मी, मला यात काही नवल वाटलं नाही, माझ्या इंग्लिश सहकाऱ्याला मात्र बाळाचं लिंग सांगणं आमच्याकडे कायद्यानं गुन्हा आहे हे ऐकून धक्काच बसला.

आता तो कापलेला स्टार. पोर्टफोलिओ! हा शब्द उच्चारला की कुठल्याही ट्रेनीचा चेहरा बघा. ट्रेनिंगमध्ये काय काय शिकलात त्याची यादी असते, प्रत्येक बाबीला पुरावा जोडायचा, पुराव्याला आत्मचिंतन जोडायचं, ते ट्रेनिंग ऑफिसरनं वाचून सही करायची. कुणी तुम्हाला काम करताना बघून शेरा द्यायचा, कुणी तुम्ही पेशंटशी किंवा डॉक्टरशी बोलताना बघून शेरा द्यायचा. कल्पना वाईट नाही, पण प्रत्यक्षात होतं काय की काम केलं एका दिवसात आणि त्याबद्दल लिहायला लागतात तीन. त्यात 'मला काय वाटलं, मी पुढच्या वेळी काय वेगळं करेन' हे इतक्या वेळा लिहिलं जातं की शेवटी शेवटी माणूस भावना पण कॉपी-पेस्ट करायला लागतो. आणि सही करणारा माणूस स्वतःच्या कामाखाली दबलेला. माझ्या लॅबमध्ये एका सिनियरकडे माझ्या सह्या महिनोन्महिने पडून होत्या, आठवण केली की "हो हो, या आठवड्यात", आणि तो आठवडा यायचाच नाही, शेवटी मी त्यांच्या जेवणाच्या वेळी लॅपटॉप घेऊन समोर जाऊन बसायला लागले. माझ्या बॅचमधल्या दुसऱ्या शहरातल्या मुलीला याच कामाला दर आठवड्याला ठरलेला तास मिळत होता. म्हणजे एकच प्रोग्रॅम, एकच पगार, पण अनुभव पूर्ण तुमच्या डिपार्टमेंटवर. अर्ज करताना शहर बघून नका ठरवू, तिथल्या चालू ट्रेनीशी बोला आणि फक्त एक प्रश्न विचारा, सह्या वेळेवर होतात का.

एमएस्सीबद्दल फार लिहीत नाही. अधूनमधून युनिव्हर्सिटीचे ब्लॉक असतात, लेक्चर्स काही भन्नाट, काही अशी की जे लॅबमध्ये मागच्या वर्षीच बदललं ते अजून स्लाइडवर आहे. रिसर्च प्रोजेक्ट मात्र खरा असतो, सर्व्हिसला उपयोगी पडेल असा. माझं पीएमएस२ जीनवर होतं, लिंच सिंड्रोमवालं (घराण्यातून येणारा कॅन्सरचा धोका), ज्याच्या शेवटच्या भागाची जवळपास हुबेहूब नक्कल, पीएमएस२सीएल, त्याच क्रोमोसोमवर बसलेली आहे, त्यामुळे मशीनला कळत नाही की हा तुकडा खऱ्याचा की नकलेचा. जुळ्या बहिणींच्या सासूला लागतो तेवढा वेळ मला त्यात लागला, आणि आवडलं पण तेवढंच.

पगार. २०२५-२६ चा बँड ६ सुरुवातीला वर्षाला ३८,६८२ पाउंड होता, लंडनच्या आत असाल तर वरती भत्ता. पेन्शनला जवळपास दहा टक्के जातात, टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स, मग उरलेल्यात लंडनमध्ये एकट्यानं राहणं म्हणजे कसरत, उत्तरेकडे बरं निभतं. पीएचडी स्टायपेंडशी तुलना केली तर हे बरंच जास्त, कॉर्पोरेटशी केली तर रडू येईल. माझ्या बहिणीनं हिंजवडीत आयटीत राहून घर घेतलं, मी अजून शेअर्ड किचनमधल्या फ्रिजच्या कप्प्यावर नावाची पट्टी लावते, असो. पास झाल्यावर बँड ७, तो २०२५-२६ मध्ये ४७,८१० पासून सुरू होत होता.

पण पास झाल्यावर ती बँड ७ ची जागा मिळेलच असं नाही. तीन वर्षांचा करार संपतो आणि तुम्ही बाकीच्यांसारखे जाहिरात बघून अर्ज करता. बहुतेकांना मिळते, पण कुठल्या शहरात ते सांगता येत नाही, आणि ज्यांचं घर, नवरा, मुलांची शाळा एका जागी रुजलीये त्यांना हे जड जातं. तीन वर्षं लोकांच्या पैशानं माणूस घडवायचा आणि मग त्याला म्हणायचं बघा काय मिळतंय ते, हे गणित मला कधी कळलं नाही. स्टारमधला अर्धा हिस्सा पोर्टफोलिओचा, अर्धा याचा.

ज्यांनी भारतात आधीच लॅबमध्ये काम केलंय त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. एनएचएसच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट म्हणून लागायचं, कामाचा पुरावा साठवत जायचं आणि अकॅडमीकडून इक्विव्हॅलन्स, म्हणजे एसटीपीच्या बरोबरीचं असल्याची मान्यता, घ्यायचा, त्यानंही एचसीपीसीला जाता येतं. किंवा ज्या लॅबमध्ये आहात तिथूनच इन-सर्व्हिस ट्रेनी म्हणून एसटीपीला जायचं. माझ्या ओळखीत एकजण मुंबईत थॅलेसेमियाच्या टेस्टिंगमध्ये वर्षानुवर्षं काम करून इकडे आला, हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये त्याचा हात कुणी धरत नाही, पण इकडे आल्यावर सुरुवात सॅम्पल नोंदणीपासून. तो चिडला नाही, मी असते तर चिडले असते. भारतात २०१९ पासून आनुवंशिक आजारांसाठीच्या उम्मीद योजनेखाली निदान केंद्रं निघालीत, २०२१ मध्ये अलाइड हेल्थकेअरचा कायदा पण आला, त्यामुळे पुढच्या पोरांना तिकडेच नीट चौकट मिळेल अशी आशा करायला जागा आहे.

कुणी करावं मग? ज्याला पेपर वाचायला मनापासून आवडतं, वाद घालायला आवडतं पण हरल्यावर राग येत नाही, आणि ज्याला पेशंटसमोर न येता पेशंटसाठी काम करणं चालतं. ज्याला नवीन शोध लावायचाय त्यानं पीएचडी करावी, इथे तुम्ही शोध लावत नाही, दुसऱ्यांच्या शोधांवर निकाल देता. ज्याला हातानं काम करायला आवडतं त्यानं टेक्नॉलॉजिस्ट व्हावं, तिथेही करिअर आहे आणि खरं सांगू का, आमच्यापेक्षा लवकर घरी जातात. पुढे महत्त्वाकांक्षा असेल तर पाच वर्षांचं एचएसएसटी हे वरचं ट्रेनिंग आहे, त्यातून कन्सल्टंट क्लिनिकल सायंटिस्ट होता येतं, पण त्याचा विचार करायची ताकद सध्या माझ्यात नाही.

इंटरव्ह्यूसाठी एवढंच, पाठ केलेली थिअरी ओतू नका. टेस्ट डिरेक्टरी उघडून आपल्या आवडीचा एक आर नंबर घ्या आणि तो पेशंट ओपीडीतून रिपोर्टपर्यंत कसा जातो ते स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का बघा. निवडीची पद्धत अधूनमधून बदलते त्यामुळे आमच्या वर्षीच्या टेस्टच्या टिप्स मागू नका, चालू वर्षाचं पान नीट वाचा. अर्ज वर्षातून एकदाच, साधारण जानेवारीत उघडतात आणि फार दिवस उघडे राहत नाहीत, शिवाय जीनोमिक्सला गर्दी भयंकर असते. फॉर्म कुणाकडून वाचून घ्यायचा असेल तर मला डिसेंबरच्या आत पाठवा, त्यानंतर माझी स्वतःची फायनल असेसमेंटची धावपळ सुरू होईल आणि मी कुणाचाच मेसेज उघडणार नाहीये.